उज्जैनभोवतीच्या हद्दी: कुणाची थकबाकी, कुणाचं बक्षीस

उज्जैन : नागदा जिल्हा होणार की नाही, हा प्रश्न २०२३ पासून लोंबकळत पडला आहे. त्या वर्षी जुलैमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी घोषणा केली. पुढच्या काही महिन्यांत मध्य प्रदेशात मऊगंज, मैहर आणि पांढुर्णा असे तीन नवे जिल्हे झाले आणि राज्यातल्या जिल्ह्यांची संख्या ५५ वर गेली. नागदा काही त्या यादीत आला नाही. २०२४ मध्ये नव्या सरकारनं प्रशासकीय घटकांच्या फेररचनेसाठी आयोग नेमला. कुठलं गाव कुठल्या तहसिलीत असावं, कुठली तहसील कुठल्या जिल्ह्यात, हे पुन्हा तपासायचं काम त्याच्याकडे आलं. मग जनगणनेचं वेळापत्रक जाहीर झालं आणि ३१ डिसेंबर २०२५ नंतर जनगणना संपेपर्यंत हद्दींना हात लावायचा नाही असं ठरलं. म्हणजे नागदेकरांची वाट पाहणी वाढली.

वाद ऐकायला सोपा वाटतो. नागद्याच्या माणसाला कलेक्टर कचेरी गाठायची तर पन्नासेक किलोमीटर. खाचरोदवाल्यांचं म्हणणं, तहसील आमची जुनी, मग मुख्यालय कारखान्याच्या गावाला का? महिदपूरला नागद्याच्या हाताखाली जायचं मन नाही; जिल्हा करायचाच तर आमचाच करा, असा तिथला सूर. प्रत्येकाकडे अंतराचा आकडा आहे, लोकसंख्येचा आहे, रस्त्याचा आहे.

पण ज्या रेषा हलवायच्या की नाही यावर ही भांडणं चालू आहेत, त्या अंतर मोजून आखल्याच नव्हत्या. भाषा बघून नाही, नदी-डोंगर बघूनही नाही. उज्जैनच्या चारी बाजूंना शे-दीडशे किलोमीटरपर्यंत ज्या हद्दी आज दिसतात, त्यातल्या बहुतेक कुणाच्या तरी देण्याघेण्यातून निघालेल्या आहेत. कुठे फौजेचा पगार, कुठे न फिटलेली खंडणी, कुठे लढाईनंतरचं बक्षीस, कुठे भावाभावातली वाटणी. हिशेब करणारे गेले, हिशेबाच्या वह्या गेल्या, रेषा राहिल्या.

पगारात मिळालेला मुलुख

आजचा उज्जैन जिल्हा १९४८ च्या विलीनीकरणानंतर बांधला गेला. त्यात उज्जैन, बडनगर, खाचरोद हे शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानाचे परगणे आले आणि महिदपूर, तराना हे होळकरांच्या इंदूर संस्थानाचे. उज्जैनपासून तराना ते केवढं लांब? पण शंभर-सव्वाशे वर्षं तराण्याच्या शेतकऱ्याचा सारा इंदूरला जात होता आणि शेजारच्या गावाचा ग्वाल्हेरला.

हे असं का झालं, त्यासाठी अठराव्या शतकात मागे जावं लागतं. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याला चिमाजी आप्पांच्या फौजेनं माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पाडाव केला. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत बाजीराव पेशव्यांनी माळव्याचा वसूल राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर आणि पवार बंधूंमध्ये वाटून दिला. ही वाटणी राज्याची नव्हती, सरंजामाची होती. सरंजाम म्हणजे अमुक इतकी फौज बाळगायची, तिच्या खर्चापोटी अमुक परगण्यांचा वसूल घ्यायचा. आता पेशवे काही भोळे नव्हते. एका सरदाराला सलग मुलुख दिला की तो उद्या राजा होऊन बसणार. म्हणून परगणे विखरून दिले. एक इथे, एक तिथे, मध्ये दुसऱ्याचा. एकमेकांत अडकलेले सरदार पुण्याला सोयीचे होते.

आणि कागद? तो मागाहून आला. जानेवारी १७३८ मध्ये भोपाळजवळ कोंडी झाल्यावर निजामानं माळव्याची सनद बादशहाकडून मिळवून देण्याचं कबूल केलं. प्रत्यक्ष फर्मान निघालं १७४१ मध्ये, बाजीरावांच्या मृत्यूनंतर, नानासाहेब पेशव्यांच्या नावे. त्यातही दिल्लीनं एक गंमत ठेवली. सुभेदार म्हणून नाव शहजाद्याचं, पेशवे त्याचे नायब. बादशहाचा मान राहिला, पेशव्यांचा वसूल राहिला. उज्जैनमध्ये त्याआधीच राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकाळाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला होता. देवळाचा कळस आधी, बादशाही शिक्का नंतर.

विखुरलेल्या वाटणीचा सगळ्यात अजब नमुना बघायचा तर देवास. उज्जैनपासून चाळीसेक किलोमीटर. तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांनी एकाच गावात दोन गाद्या मांडल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन दरबार, दोन राजवाडे, दोन कारभार, आणि मध्ये एकच बाजार. इंग्रजांनी १८१८ मध्ये तह केला तोही दोघांशी मिळून एक. ही दोन संस्थानं १९४८ पर्यंत दोनच राहिली. सुंदरसी नावाचं गाव तर त्याहून पुढचं: ते शिंदे, होळकर आणि धारचे पवार अशा तिघांच्या सामाईक मालकीचं होतं. आज ते शाजापूर जिल्ह्यात आहे. तिघांच्या वाट्याचा सारा एका गावातून कसा वसूल होत असेल, हे तिथल्या पाटलालाच ठाऊक.

क्षिप्रेवरच्या दोन लढाया

क्षिप्रेच्या काठी झालेल्या दोन लढायांनी आजच्या दोन राज्यांची सीमा ठरवली, हे उज्जैनमध्येही फार जणांना ठाऊक नाही.

पहिली लढाई जानेवारी १७६९ ची. मेवाडच्या गादीवरून तंटा पेटला होता. राणा अरिसिंह एकीकडे, दुसरा दावेदार रतनसिंह एकीकडे, आणि रतनसिंहाच्या पाठीशी महादजी शिंदे. राण्याची फौज उज्जैनपर्यंत चालून आली आणि इथे तिचा मोड झाला. मग महादजींनी उदेपूरला वेढा घातला. शेवटी खंडणीवर तडजोड झाली. काही रक्कम रोख आणि दागिन्यांत मिळाली. उरलेल्या रकमेपोटी जावद, जीरण, नीमच, मोरवण हे परगणे लावून दिले. पैसे फिटले की परगणे परत, असा बोल होता. ते परत गेले नाहीत. म्हणून नीमच आज मध्य प्रदेशात आहे. नकाशात पाहिलं तर ते राजस्थानच्या कुशीत घुसलेलं दिसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं इथे काहीतरी भूगोल असेल. भूगोल काही नाही, गहाणखत आहे. १९९८ मध्ये मंदसोरमधून नीमच जिल्हा वेगळा काढला, तेव्हाही राज्याची बाहेरची रेषा तिथेच राहिली.

त्या लढाईत कोट्याचा एक झाला सरदार राण्याच्या बाजूनं लढत होता. जखमी होऊन तो मराठ्यांच्या हाती सापडला. नाव जालिमसिंह. पुढे तो सुटला, कोट्याचा सर्वेसर्वा कारभारी झाला आणि पुढची पन्नास वर्षं शिंदे, होळकर, पेंढारी, इंग्रज अशा सगळ्यांशी जुळवून घेत राहिला. त्याचं नाव लक्षात ठेवायचं, कारण दुसऱ्या लढाईच्या हिशेबात तो पुन्हा येतो.

मधल्या काळात उज्जैनची रया गेली होती. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि शहर होरपळलं. दोन वर्षांनी दौलतराव शिंदे इंग्रजांकडून असई आणि अडगावला हरले. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहानं अहमदनगर, भडोच आणि अजिंठ्याच्या डोंगराखालचा दक्षिणेकडचा मुलुख गेला, उत्तरेत यमुनेकाठचा दुआब गेला. १८१० मध्ये दौलतरावांनी छावणी ग्वाल्हेरला लष्करात कायम केली. राजधानी गेली तेव्हा उज्जैनमधून फौज गेली, फौजेबरोबर सावकार, कारकून, कारागीर गेले. उज्जैन उरलं ते यात्रेचं आणि अफूच्या व्यापाराचं गाव. पुढे बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं गोपाळ मंदिर शहराच्या मध्यात उभं राहिलं, पण दरबार काही परत आला नाही.

दुसरी लढाई २१ डिसेंबर १८१७ ची, महिदपूरची. हेच ते महिदपूर जे आज नागद्यात जायला नाखूश आहे. क्षिप्रेच्या काठी एका बाजूला जनरल हिस्लॉप आणि माल्कम यांची फौज, दुसऱ्या बाजूला अल्पवयीन मल्हारराव होळकरांच्या नावानं लढणारी होळकरांची पलटणं. आदल्याच दिवशी कारभार बघणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच लोकांनी क्षिप्रेच्या काठी ठार केलं होतं. तोफा चांगल्या चालल्या, पण फौजेला डोकं उरलं नव्हतं. पंधरा दिवसांत, ६ जानेवारी १८१८ रोजी, मंदसोरला तहावर सही झाली. इंग्रजांकडून माल्कम, होळकरांकडून तात्या जोग.

या एका तहाच्या कलमांनी तीन राज्यांचे नकाशे ठरवले. सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा सगळा मुलुख, खानदेशासकट, इंग्रजांकडे गेला. पुढे खानदेश मुंबई इलाख्यात आला आणि त्यातूनच आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार निघाले. राजपूत संस्थानांवरचा होळकरांचा हक्क संपला. जावरा, ताल, मल्हारगड वगैरे परगणे गफूर खानाकडे कायम झाले. अमीर खानाचा हा नातलग, महिदपूरच्या रणातून लवकर निघून गेल्याचा ठपका त्याच्यावर होळकरांचे लोक ठेवत आले. ठपका खरा असो वा खोटा, जावरा नावाचं एक मुसलमान नबाबाचं संस्थान माळव्याच्या मधोमध उभं राहिलं एवढं खरं.

आणि डग, गंगधार, आवर, पचपहाड हे चार परगणे कोट्याच्या जालिमसिंहाला मिळाले. तो ते आधीपासून होळकरांकडून इजाऱ्यानं कसत होता. ठेकेदाराच्या नावानं सातबारा झाला म्हणायचं. १८३८ मध्ये त्याच्या वंशजासाठी कोट्यातून झालावाड संस्थान वेगळं काढलं, तेव्हा हे चार परगणे, म्हणजे चौमहला, झालावाडकडे गेले.

गाडी राज्य बदलते

या चार परगण्यांचं आज काय? नागद्याहून कोट्याच्या दिशेनं जाणाऱ्या कुठल्याही गाडीत बसावं. नागदा सुटलं की महिदपूर रोड, मग विक्रमगढ आलोट, दोन्ही मध्य प्रदेश. पुढे चौमहला स्टेशन येतं ते राजस्थानात. मग सुवासरा, शामगढ, गरोठ, पुन्हा मध्य प्रदेश. मग भवानी मंडी, पुन्हा राजस्थान. भवानी मंडीचं तर स्टेशनच अर्धं मंदसोर जिल्ह्यात आणि अर्धं झालावाड जिल्ह्यात आहे. टीव्हीवाले दर एक-दोन वर्षांनी तिथे जातात, फलाटाच्या एका टोकाला उभं राहून ‘मी मध्य प्रदेशात’ आणि दुसऱ्या टोकाला जाऊन ‘मी राजस्थानात’ असं सांगतात. गंमत म्हणून ती बातमी चालते.

पण भवानी मंडी हे पचपहाडच्या हद्दीतलं गाव आहे. होळकरांच्या गरोठला लागून जालिमसिंहाचा इजारा जिथे संपत होता, तिथे आज राज्याची सीमा आहे, आणि फलाट तिच्यावर बांधला गेला. नागदा शिंद्यांचं, आलोट देवासच्या थोरल्या पातीचं, चौमहला झालावाडचं, गरोठ होळकरांचं, भवानी मंडी झालावाडचं. रेल्वेच्या एका पट्ट्यावर अठराव्या शतकातला सगळा माळवा ओळीनं उभा आहे. तिथल्या माणसाला त्याची गंमत कमी आणि ताप जास्त. गुन्हा कुठल्या ठाण्यात नोंदवायचा, शेतमाल कुठल्या राज्याच्या भावानं विकायचा, लग्न करून पलीकडे गेलेल्या मुलीचा जातीचा दाखला कुठल्या राज्याचा धरायचा, हे सगळं त्या रेषेवर अडतं.

यातली एखादी गाठ सोडवताही येते, हे १९५६ मध्ये दिसलं. सिरोंज हा परगणा विदिशेजवळ, पण यशवंतराव होळकरांनी तो अमीर खानाला दिलेला. नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी अमीर खानाला टोंकचा नबाब म्हणून मान्य केलं तेव्हा सिरोंज टोंकचा झाला. टोंक राजस्थानात गेलं, म्हणून सिरोंजही राजस्थानात, चारी बाजूंनी मध्य भारत असताना. उलट सुनेल हा होळकरांचा तुकडा, मध्य भारतात आला, पण अडकलेला झालावाडच्या मुलुखात. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत सिरोंज मध्य प्रदेशाला दिलं आणि सुनेल राजस्थानला. अदलाबदल झाली, कुणाचं आकाश कोसळलं नाही. चौमहला आणि नीमचला मात्र कुणी हात लावला नाही. ते बेट नव्हते, फांद्या होत्या. बेट नकाशात डोळ्यांना खुपतं, फांदी खुपत नाही.

बऱ्हाणपूर जळगावात का नाही

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी माणसाला हा हिशेब परका वाटायचं कारण नाही. त्याच्या दारातल्या रेषाही याच वह्यांतल्या आहेत.

बऱ्हाणपूर घ्या. तापीच्या काठावर, रावेर-यावलच्या शेजारी, केळीचा तोच पट्टा, लग्नसंबंध तेच. पण ते खानदेशात धरलं गेलं नाही. १८०३ च्या लढाईत इंग्रजांनी बऱ्हाणपूर जिंकलं होतं, सुर्जी-अंजनगावच्या तहात ते दौलतराव शिंद्यांना परत दिलं. त्यामुळे १८१८ मध्ये होळकरांचा आणि पेशव्यांचा खानदेश इंग्रजांच्या ताब्यात जात असताना बऱ्हाणपूर शिंद्यांचंच राहिलं. १८६० मध्ये शिंदे आणि इंग्रज यांच्यात मुलुखांची अदलाबदल झाली तेव्हा ते इंग्रजांकडे आलं. पण तोवर खानदेश मुंबई इलाख्याचा जिल्हा म्हणून स्थिरावलेला होता. बऱ्हाणपूर निमाडला जोडलं गेलं आणि निमाड मध्य प्रांतात. मध्य प्रांताचा मध्य प्रदेश झाला, निमाड तिथेच राहिलं, २००३ मध्ये बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. साठेक वर्षांच्या फरकानं झालेल्या दोन सह्या, एवढ्यानं एक शहर मुंबईकडे न जाता भोपाळकडे गेलं.

वऱ्हाडची गोष्ट उघडउघड कर्जाची. १८०३ मध्ये देवगावच्या तहानं नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलुख सोडला, इंग्रजांनी तो निजामाला दिला. निजामाच्या खर्चानं ठेवलेल्या इंग्रजी अमलाखालच्या फौजेचा पगार थकला, म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड तारण म्हणून इंग्रजांनी आपल्याकडे घेतलं. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये भाड्यानं ते कायमचं पट्ट्यावर घेतलं आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडलं. अमरावती-अकोल्याचा माणूस अर्धशतकभर भाड्याच्या मुलुखात राहत होता असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. छिंदवाडा आणि बैतूल आले नाहीत. म्हणून पांढुर्णा आणि सौंसरच्या बाजारात मराठी कानावर पडते आणि पाट्या हिंदी दिसतात. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा निघाला तेव्हा नागपूरच्या बाजूला त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. घ्यायला हवी होती. सीमेपलीकडे मराठी वस्ती असलेला एक लहान जिल्हा तयार होणं ही साधी घटना नव्हे.

राज्य पुनर्रचना आयोगानं भाषेचा विचार केला, पण मोजमापासाठी बहुतेक ठिकाणी जिल्हा हाच घटक धरला. गोची तिथेच झाली. जिल्हा ही वस्तूच मुळात लढाया आणि तहांतून घडलेली. तिला घटक मानलं की आतला जुना हिशेब जसाच्या तसा पुढे जातो. बेळगाव-कारवारच्या वादात महाराष्ट्र ‘खेडं हा घटक’ धरा असं सांगत आला ते याच कारणानं. ८६५ गावांच्या त्या दाव्याचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातली १४ गावं महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांच्या यादीत आहेत, तिथला माणूस दोन्हीकडे मतदान करून बसला आहे. ती रेषाही जुन्या निजामी मुलुखाच्या कडेची.

आता कुणाचा हिशेब

उज्जैनकडे परत येऊ. इंदूर, उज्जैन, देवास आणि धार या जिल्ह्यांचे भाग मिळून एक महानगर क्षेत्र करायची तयारी सुरू आहे. त्यासाठी मध्य प्रदेशात २०२५ मध्ये कायदाही झाला. होळकर, शिंदे, देवासचे पवार आणि धारचे पवार. पुण्यानं मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या चार गाद्या तीनशे वर्षांनी एका नियोजनाखाली येताहेत. उज्जैनला हे गरजेचंही आहे. इंदूरचं सांडपाणी कान्ह नदीतून क्षिप्रेत येतं आणि २०२८ च्या सिंहस्थात लाखो लोक त्याच पाण्यात बुडी मारणार. इंदूरची नगरपालिका एक, उज्जैनची दुसरी, मध्ये देवासची हद्द. प्रत्येकजण आपल्या हद्दीपुरतं पाणी साफ करतो. असल्या कामाला एक मंडळ हवंच.

पण मंडळ आलं की जमिनीवरचा ताबा कुणाचा, हाही प्रश्न येतो. सिंहस्थासाठी कायमची कुंभनगरी उभारायची म्हणून उज्जैनजवळच्या शेतजमिनी लँड पूलिंगनं घेण्याची योजना सरकारनं आणली होती. शेतकरी रस्त्यावर उतरले, भारतीय किसान संघ विरोधात उभा राहिला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये योजना मागे घेत असल्याचं सरकारला जाहीर करावं लागलं. क्षिप्रेकाठच्या रयतेला विचारल्याशिवाय निघालेला कागद परत फिरला, असं या भागात वारंवार घडलेलं नाही. फर्मानाला, तहाला, संस्थानी हुकमाला इथल्या शेतकऱ्यानं ‘नाही’ म्हटल्याची नोंद शोधायला बसलं तर बराच वेळ जाईल.

नागद्याचा प्रश्नही याच कसोटीवर बघायला हवा. नागद्यात व्हिस्कोस धाग्याचा मोठा कारखाना आहे, रेल्वेचं जंक्शन आहे. जिल्हा वेगळा झाला तर उज्जैन जिल्ह्याच्या पदरातून बरंच काही जाईल. मुख्यालय कुठे यावरून खाचरोद आणि नागदा भांडतात तेव्हा खरा मुद्दा असतो तो जमिनीच्या भावाचा, कचेऱ्यांचा, त्यांच्याभोवती उगवणाऱ्या बाजाराचा. यात गैर काही नाही. गैर आहे ते हे की निवडणुकीच्या तोंडावर घोषणा होते, निवडणूक झाली की आयोग येतो, आयोगाचं काम रंगात आलं की जनगणना येते. सरंजाम वाटणाऱ्या पेशव्यांना निदान फौजेची संख्या मोजावी लागत होती. घोषणा करणाऱ्याला तीही मोजावी लागत नाही.

आयोगाचं काम खऱ्या अर्थानं करायचं तर सुनावणी गावात व्हायला हवी. भोपाळमध्ये नव्हे, जिल्ह्याच्या मुख्यालयातही नव्हे. कुठल्या बाजाराला माणसं जातात, कुठल्या दवाखान्यात बाळंतीण नेतात, पोरं कुठल्या कॉलेजात शिकतात, हे सरपंचापेक्षा बायका नीट सांगतील. आणि राज्याच्या सीमेवरचा प्रश्न जिल्हा आयोगाच्या कक्षेत येत नाही म्हणून सोडून द्यायला नको. भवानी मंडीसारख्या जागी रेषा न हलवताही दोन राज्यं मिळून एक ठाणं, एक दवाखाना, दाखल्यांची एकच खिडकी चालवू शकतात. डिसेंबर २०२४ मध्ये पार्वती-कालीसिंध-चंबळ जोडणीसाठी मध्य प्रदेश आणि राजस्थान एकत्र आले. मे २०२५ मध्ये तापी खोऱ्याच्या पुनर्भरण प्रकल्पासाठी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी करार केला. पाण्यासाठी जे जमतं ते जातीच्या दाखल्यासाठी का जमू नये?

तोवर जनगणना आहे. या रेषांच्या कुठल्याही बाजूला राहणाऱ्या मराठी घरांसाठी तिच्यात एक रकाना महत्त्वाचा: मातृभाषा. उज्जैन, देवास, धार, इंदूरमधली कितीतरी जुनी मराठी घरं बाहेर हिंदी आणि घरात मराठी बोलतात. प्रगणक हिंदीत विचारतो, घरातला माणूस हिंदीत उत्तर देतो, आणि फॉर्मवर हिंदी लागते. बऱ्हाणपूर आणि पांढुर्ण्यातही हेच होतं. पुढे मराठी शाळा, मराठी शिक्षक, भाषिक अल्पसंख्याकांच्या सवलती यांसाठी कुणी सरकारदरबारी गेलं की सगळ्यात आधी हाच आकडा काढून दाखवला जातो. जनगणनेनंतर मतदारसंघांची फेररचना आहे, जिल्हा आयोगाचं राहिलेलं काम आहे, नागदा आहे. या तिन्ही टेबलांवर २०२७ चेच आकडे असतील.